शाईचा अंगठा

रविवारची दुपार आहे. जेवणं झाली आहेत, भांडी पालथी पडली आहेत आणि वैजयंती नानांच्या दिवाणावर आडवी झाली आहे. झोपायचं म्हणून नाही, जरा पाठ टेकायची म्हणून. छातीवर नानांची खिशातली वही उघडी, पालथी. उजव्या हातात त्यांचं शाईचं पेन, तेही उगीच. पेन सुकलेलं आहे. सकाळीच तिनं वर्तमानपत्राच्या कडेला ते ओढून पाहिलं होतं. कागद नुसता ओरखडला.

"पडदा ओढू का गं? ऊन येतंय तोंडावर," आई दारातून विचारते.

"असू दे."

"असू दे काय! मग संध्याकाळी बापासारखी डोकं धरून बसशील."

पाच वाजता अशफाकचा फोन येणार आहे. अशफाक मुजावर म्हणजे त्यांच्या हौशी संस्थेचा दिग्दर्शक. प्रकाशयोजनाही तोच करतो आणि वेळ पडली तर टेम्पोही तोच चालवतो. काल म्हणाला, "वैजूताई, पाचपर्यंत सांग. पुढच्या प्रयोगासाठी थिएटरची तेरा तारीख धरायची की सोडायची? मागं एक ऑर्केस्ट्रावाला टपून बसलाय." गेल्या तीन महिन्यांत तिनं त्याला दोनदा नाही म्हटलं आहे. कारण सांगितलेलं नाही. कारण या वहीत आहे.

नाना, म्हणजे रघुवीर आरवाडे, दिवसा शाळेत भूगोल शिकवायचे आणि चाळीस वर्षं सांगलीच्या एका दैनिकात नाटकांची परीक्षणं लिहायचे. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. नाटक सुरू झालं की ही एवढीशी वही मांडीवर यायची आणि काळोखात, रंगमंचावरची नजर न काढता, ते टिपणं घ्यायचे. ओळ चुकू नये म्हणून डाव्या हाताचा अंगठा समासात ठेवायचा. एक टिपण झालं की अंगठा एक बोट खाली सरकवायचा. पेनाचं टोक अधूनमधून नखावरून फिरायचं, त्यामुळे घरी यायचे ते निळा अंगठा घेऊनच. आईचं वाक्य ठरलेलं होतं: "शाईचा अंगठा घेऊन पानावर बसायचं नाही. लिंबू चोळा आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टिपणं लावायचं काम वैजूचं. नऊ वर्षांची होती तेव्हापासूनचं. एकमेकींच्या पाठीवर चढलेल्या त्या ओळी फक्त तिला वाचता यायच्या. ती मोठ्यानं वाचायची, "दिवा लवकर गेला. मुलगा छान रडला. मुलाची आई त्याच्यापेक्षा जास्त रडली." आणि नाना दाढी करता करता हसायचे.

नानांचे दोन नियम होते. प्रयोग चालू असताना बोलायचं नाही. आणि छापून येईपर्यंत नाटकाबद्दल कुणाला अवाक्षर सांगायचं नाही, घरातसुद्धा. तिसरी एक सवय होती, ती फक्त वैजूला माहीत. ज्या नाटकावर लिहिण्यात अर्थ नाही असं वाटायचं, त्याच्या पानावर मधोमध ते एक जाड आडवी रेघ ओढायचे. रेघ आली की विषय संपला.

'शिळ्या उन्हाची वेळ' हे वैजूचं नाटक. म्हणजे लिहिलं दुसऱ्यानं, बसवलं अशफाकनं, पण दोन्ही अंक उभे होते ते तिच्या खांद्यावर. शेहेचाळिसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली होती. आदल्या दिवशी नाना म्हणाले होते, "छापणार नाही. मुलीचं कौतुक पेपरात छापायला मी काय पुढारी आहे? पण लिहीन. तुझ्यापुरतं. पुढच्या शनिवारी देतो."

रविवारी प्रयोग झाला. नाना तिसऱ्या रांगेत होते, तिनं पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं. घरी परतताना ते रिक्षात कोपऱ्यावरच्या नव्या बेकरीबद्दल बोलले. शुक्रवारी सकाळी पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले.

तेराव्यानंतर तिनं वही उघडली. पानावर तारीख होती, नाटकाचं नाव होतं, आणि मधोमध करंगळीएवढी जाड, काळीनिळी, आडवी रेघ.

हे तिनं अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

आई पडदा ओढतेच. कड्या दांडीवरून खरखरत जातात, खोलीत मेंदीसारखा हिरवट अंधार होतो. खाली गल्लीतून कुल्फीवाला चाललाय. त्याची घंटा एकदा वाजते.

मग पुन्हा वाजते.

"ही दुसरी," कपाटाच्या बाजूनं कुणीतरी म्हणतं. "तिसरीला दार लावतात. ऊठ."

नाना कपाटाला टेकून उभे आहेत. अंगात सायीच्या रंगाचा बुशशर्ट, हातात कागदात गुंडाळलेला बटाटेवडा. वड्याला वाफ येते आहे.

वैजयंतीला नवल वाटत नाही. नवल वाटायला हवं, एवढं मात्र तिला आठवतं.

"नाना, वडा?"

"मध्यंतर आहे."

"आत्ता तर दुसरी घंटा झाली."

"दोन्ही आहे. अर्धा घे."

"आणि तुमचं पित्त?"

"पित्त इथंच राहिलं," नाना म्हणतात. "नेता येत नाही बरोबर. बरं झालं."

ती वडा घेते. तो गरम आहे आणि त्याला चव नाही. किंवा चव आहे, पण ती लहानपणची आहे, आत्ताची नाही. दोघं सज्जात येतात. सज्जा नेहमीपेक्षा लांब आहे. एका बाजूला आईच्या तुळशीच्या कुंड्या, दुसऱ्या बाजूला भिंतभर नाटकांच्या पाट्या, आणि प्रत्येक पाटीवर नटांच्या नावांच्या जागी नद्यांची नावं लिहिलेली. नाना त्या वाचत चालतात, शाळेत नकाशासमोर चालायचे तसे.

"तिकडे नाटकं होतात?" ती विचारते.

"होतात की. रोज."

"चांगली?"

"नट एकेक असे आहेत, की नाव काढलंस तर कानाला हात लावशील." ते वडा खातात. "पण एक पंचाईत आहे. कुणी विसरतच नाही गं. एकही वाक्य पडत नाही. दार उघडायच्या वेळी उघडतं, दिवा जायच्या वेळी जातो. अगदी चोख."

"मग चांगलंच की."

"चोख म्हणजे काय ते तू मला सांगू नकोस," नाना म्हणतात. "आज पडणार की काय, ही धास्ती नसेल तर माणसानं तिकीट काढून बसावं कशाला? फोटो बघावा घरी."

सज्जा संपतो तिथं स्वयंपाकघर आहे. ओट्यावर, डब्यांच्या फळीला, पांढऱ्या रंगानं 'क' रांग लिहिलेली आहे. आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून तिकिटं फाडते आहे. प्रत्येक तिकिटाचा अर्धा तुकडा डब्यात, अर्धा हातात. नानांना बघून ती दचकत नाही.

"हात धुतले?" एवढंच विचारते.

"अजून भरलेच नाहीत," नाना म्हणतात.

"भरणारच आहेत."

नाना वैजूकडे बघून डोळा मिचकावतात. चाळीस वर्षं असंच चाललं होतं. तिच्या लक्षात येतं, की आता विचारलं नाही तर राहून जाईल.

"नाना, ती रेघ."

"कुठली?"

"माझ्या पानावरची. खोडलंत ना तुम्ही मला?"

नाना थांबतात. खिसे चाचपतात, आधी वरचा, मग पँटचे दोन्ही. "पेन कुठं ठेवलं मी?"

"माझ्याकडे आहे. पण सुकलंय."

"सुकत नसतं. झटकायचं." ते पेन घेऊन झटकतात. त्यांच्या बुशशर्टावर तीन निळे ठिपके उमटतात, आणि पाठमोरी असूनही आई म्हणते, "झालं."

"नाना, मी काहीतरी विचारलं."

"पडदा पडू दे."

"तुम्ही शनिवारी देतो म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," नाना म्हणतात. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा उतरतो. "चुकलंच ते. आयुष्यात एक लेख वेळेवर दिला नाही, तो नेमका तुझा."

तिसरी घंटा होते.

दोघं घाटाच्या पायऱ्यांवर बसलेले आहेत. पायऱ्यांवर लाल खुर्च्या मांडल्या आहेत, खाली खालीपर्यंत. जिथं कृष्णेचं पाणी असायला हवं तिथं रंगमंच आहे. पुलाच्या कमानीतून अशफाकचे दिवे लागतात, पिवळट, कलत्या दुपारचे. लोक खोकून घेतात. कुणाचा तरी मोबाईल वाजतो आणि नाना, न वळता, चाळीस वर्षं म्हणत आले त्याच आवाजात, "नदीत टाका," म्हणतात. पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ घाईनं मोबाईल बंद करतात.

मग रंगमंचावर वैजयंती येते.

खुर्चीवरची वैजयंती तिच्याकडे बघत राहते. ही बाई आपल्यापेक्षा बुटकी आहे. पदर सारखा सारखा नीट करते. आपण कधीच हे बाहेरून पाहिलेलं नाही, आणि पहिली दोन मिनिटं तिला पळून जावंसं वाटतं. आवाज वरच लागतो आहे. नाटकातल्या बहिणीशी बोलताना ही तिच्याकडे बघतच नाही, प्रेक्षकांकडे बघते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बघायची तशी. ती हळूच नानांकडे नजर वळवते, कारण वाईट वाटायचं असेल तर ते आता एकदाच वाटून जाऊ दे.

नाना लिहिताहेत. मांडीवर वही, डाव्या हाताचा अंगठा समासात, पेन चाललं आहे. एक टिपण होतं. पेन उचललं जातं.

अंगठा सरकत नाही.

पेन परत समासाशी येतं आणि त्याच ओळीवरून चालायला लागतं. दुसरं टिपण. तिसरं. खाली रंगमंचावर बहीण म्हणते, "मग जा ना, कुणी अडवलंय?" आणि ती बुटकी बाई पहिल्यांदाच पदराला हात लावायचं विसरते. नानांचं पेन भरभर धावतं, सगळं त्याच एका ओळीवर, अक्षरावर अक्षर, शाईवर शाई. अंगठा जागच्या जागी आहे. तो तिथं आहे हेच त्यांना माहीत नाही.

"नाना, अंगठा," असं म्हणायला ती तोंड उघडते. पण प्रयोग चालू आहे. नियम आहे.

म्हणून ती वाकते आणि आपला डावा अंगठा त्यांच्या अंगठ्याखाली, समासात टेकवते. एक बोट खाली. इथं या, ही ओळ मोकळी आहे. पेन येतं. थंडगार, ओलं टोक तिच्या नखावरून आडवं जातं, बोटाच्या पेरावर चढतं आणि पुन्हा वर, त्याच जुन्या ओळीवर निघून जातं. नाना खाली बघत नाहीत. त्यांचं तोंड किंचित उघडं आहे. खालचा ओठ बहिणीच्या वाक्यांबरोबर हलतो आहे. असा चेहरा तिनं त्यांचा कधी पाहिला नव्हता. कारण नाटक चालू असताना ती नेहमी नाटकाकडे बघत आलेली होती. हा चेहरा परीक्षकाचा नाही. खेळण्याच्या दुकानासमोर हात सोडवून घेऊन उभं राहिलेल्या पोराचा आहे.

तिला अंगठा मागं घ्यावासा वाटत नाही.

शेवटचा प्रवेश येतो. बहीण निघून जाते. रंगमंचावरची बाई टेबलाशी बसते, कप उचलते, ओठांपर्यंत नेते आणि न पिता खाली ठेवते. पुलाखालून पाणी गेल्याचा आवाज येतो.

"रिकामा आहे," नाना पुटपुटतात.

तिला वाटतं आपल्याला भास झाला. नानांनी नियम मोडला?

"काय?"

"कप. रिकाम्या कपाचं मनगट वेगळं असतं वैजू. एवढा वेळ मी तुझ्याबरोबर त्या घरात होतो, आणि तिथं एकदम मला कळलं की नाटक चाललंय."

"अशफाक म्हणाला साडीवर सांडेल."

"सांडू दे की. सांडायची धास्ती हवीच."

"एवढंच?" ती विचारते. "एवढंच लिहायचं होतं तुम्हाला?"

नाना वहीकडे बघतात. ओळ बघतात. वही डोळ्यांपासून लांब धरतात, जवळ आणतात, चष्मा कपाळावर चढवतात. मग त्यांना हसू येतं, दाढीच्या फेसातून यायचं तसं.

"हे काय केलं मी? हे तर मलाही लागत नाही गं," ते म्हणतात. "तूच लाव."

खाली पडदा पडतो. त्याच्या कड्या दांडीवरून खरखरत जातात.

आई पडदा बाजूला करते आहे. तिरपं ऊन दिवाणावर आलं आहे. फोन उशीखाली घणघणतो आहे.

"किती वेळचा वाजतोय," आई म्हणते. "मी चहा आणते." आणि आत जाते.

वैजयंती फोन उचलत नाही. आधी ती छातीवरची वही उलटी करून ते पान उन्हात धरते. रेघ असती तर कडेपासून कडेपर्यंत गेली असती. नाना रेघ ओढायचे ती तशीच ओढायचे, एका झटक्यात, समासाची पर्वा न करता. ही समास सोडून सुरू होते. बरोबर एका अंगठ्याची रुंदी सोडून. वरच्या कडेला, अगदी बारीक, वेलांट्यांची टोकं बाहेर आली आहेत, दहा-बारा तरी. खाली उकारांची शेपटं. पानाच्या पाठीमागून हात फिरवला तर कागद उचललेला लागतो. एक जागा तर फाटायलाच आलेली आहे, इतक्यांदा पेन तिथून गेलं आहे.

तीन महिने तिनं हे पान रोज पाहिलं होतं.

फोन थांबतो आणि पुन्हा वाजतो.

"वैजूताई, पाच वाजून गेले," अशफाक म्हणतो. "त्या ऑर्केस्ट्रावाल्याचे दोन फोन आले. काय सांगू?"

"धर तारीख."

"खरं म्हणतीस? नंतर बदलशील."

"नाही बदलत. आणि अशफाक, शेवटच्या प्रवेशात कपात चहा घालायचा. खरा. काठोकाठ."

"अगं सांडेल ना साडीवर!"

"सांडू दे."

"बरं बाई, सांडू दे," अशफाक म्हणतो. तो हसतोय की नाक ओढतोय ते फोनवर कळत नाही. "साडी तू धू मग."

आई ट्रे घेऊन येते. कप दिवाणाच्या कडेला ठेवते आणि वैजूच्या हाताकडे बघून, बशी सरळ करता करता, तोंडातून आपोआप निघून जावं तसं बोलून जाते:

"शाईचा अंगठा घेऊन बसायचं नाही. लिंबू चोळा आधी."

बशी सरळ झाली तरी तिचा हात बशीवरच राहतो. "चोळा" तिला स्वतःलाच ऐकू गेलेलं असतं.

वैजयंती डावा हात उलटा करून बघते. नखावर आडवी, पेरापर्यंत चढलेली निळी रेघ. ओली नाही, पण ताजी आहे. पेन दिवाणाखाली घरंगळून पडलेलं आहे, टोपण लावलेलं.

"कुठनं आली गं शाई?" आई विचारते.

"पेनातून."

"ते तर सुकलंय म्हणालीस सकाळी."

"झटकायचं असतं."

आई तिच्याकडे बघत राहते. वळून आत जाते. विळीचा आवाज येतो. अर्धं लिंबू हातात घेऊन ती दारात येऊन उभी राहते, पण पुढं करत नाही.

वैजयंती उजव्या हातानं कप उचलते. तो भरलेला आहे, मनगटाला कळतं. डावा अंगठा ती वहीच्या समासात टेकवते, त्या ओळीच्या सुरुवातीला जी जागा नानांनी सोडली आहे तिथं, आणि तसाच ठेवते.